बोजाऱ्याची पिशवी

सेलू तालुक्यातल्या त्या गावात तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ आधी कानांना कळते. सिमेंटच्या रस्त्यावरून लाकडी चाकांचा खडखडाट येऊ लागतो, मग घुंगरांचा आवाज, आणि मग वळणावर नंदी दिसतो. कोणाचा वीतभर, कोणाचा लेकराहून उंच. दोरी ओढणाऱ्याच्या डोक्यावर फेटा, खांद्यावर उपरणं, कमरेला बांधलेलं धोतर निम्मं सुटलेलं. एखादी राणी लक्ष्मीबाई, एखादा शेतकरी, एखादा पोलीस. दर दारापुढे नंदी थांबतो, घरची बाई त्याला ओवाळते, लेकराला टिळा लावते आणि हातावर बोजारा ठेवते: पाच-दहा रुपये, मूठभर चिवडा, लाडू, चिक्की, चॉकलेट.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. पिठोरी अमावस्येला पोळा असतो, तो खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, तान्हा पोळा. तो लहान मुलांचा, लाकडी बैलांचा. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी मुलांना बैलाची ओळख व्हावी म्हणून तो सुरू केला, असं सांगतात. वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातलं सिंदी रेल्वे हे गाव त्यासाठी सगळीकडे माहीत आहे. तिथले अजस्र लाकडी नंदी पाहायला लांबून माणसं येतात. त्याच दिवशी सकाळी मारबत निघते. रोगराई, इडापिडा घेऊन जा, असं ओरडत पोरंसोरं दाराला लावलेल्या पळसाच्या मेढ्या गावाबाहेर नेतात. नागपुरात तर काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक शंभराहून अधिक वर्षं निघते आहे. म्हणजे सकाळी भयाण पुतळे आणि आरडाओरडा, संध्याकाळी वेश करून दारोदार खाऊ मागणं.

गावातल्या अंगणवाडीच्या सेविकाताईंची धाकटी बहीण अमेरिकेत, टेक्सासमध्ये राहते. 31 ऑक्टोबरच्या रात्री ती आपल्या मुलाचा फोटो पाठवते. हाडांचा सापळा रंगवलेला काळा झगा, हातात खाऊची बादली, शेजाऱ्याच्या पायरीवर आतून दिवा लावलेलं कोरीव कोहळं. तिकडे याला हॅलोविन म्हणतात. पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा ताईंनी बहिणीला फोनवर विचारलं होतं, ‘अगं, हा तर तान्हा पोळाच आहे, नंदी कुठं आहे?’

तान्ह्या पोळ्याकडे ताईंनी वीस वर्षं फक्त आनंदाचा दिवस म्हणून पाहिलं. अंगणवाडीतली तीन ते सहा वर्षांची पंचवीस-तीस लेकरं, त्यांचे फेटे बांधून देणं, रस्त्यात कोणी हरवू नये म्हणून मदतनीस ताईंबरोबर मागेपुढे चालणं, एवढं काम. 2022 साली त्यात एक मुलगा होता, साडेतीन वर्षांचा. त्याचा नंदी आजोबांनी सागाच्या लाकडाचा केलेला, चुन्यासारखा पांढरा रंगवलेला. सगळे त्याला पांढऱ्या नंदीवाला म्हणत.

सहाव्या-सातव्या दारापाशी त्याला चिक्कीचा तुकडा मिळाला. त्यानं तो तिथंच तोंडात टाकला. थोड्या वेळानं तो ओठ चोळू लागला. मग अंगावर गांधी उठल्या, डोळ्यांच्या पापण्या सुजल्या. जमलेल्या बाया म्हणाल्या, ‘पित्त उठलं असन,’ आणि कोणीतरी आमसूल भिजत घालून ते पाणी त्याच्या अंगाला लावलं. आजी म्हणाली, ‘नजर लागली माह्या लेकराले, सारं गाव पाहत होतं त्याच्या नंदीकडे.’ मीठ-मोहरी ओवाळून झाली. तेवढ्यात तो ओकला आणि खोकू लागला. तो खोकला ताईंना वेगळा वाटला. आवाज घोगरा, श्वास आत घेताना शिट्टी वाजल्यासारखी. त्यांनी त्याला उचललं, एका तरुणाच्या मोटारसायकलवर आईच्या मांडीत बसवलं आणि स्वतः दुसऱ्या गाडीवर मागे निघाल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला एक इंजेक्शन दिलं. दहा-पंधरा मिनिटांत श्वासातली शिट्टी कमी झाली. रात्रभर त्याला ठेवून घेतलं, कारण अशी प्रतिक्रिया काही तासांनी परत उसळू शकते. ताई सकाळपर्यंत बाकावर बसून होत्या. आमसुलाच्या पाण्यात आणि मीठ-मोहरीत गेलेली वीस-पंचवीस मिनिटं त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. त्या स्वतः तिथंच उभ्या होत्या आणि त्यांनीही आधी पित्तच समजलं होतं.

डॉक्टरांनी त्यांना जे समजावलं ते त्यांनी अंगणवाडीच्या एका जुन्या नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे. शेंगदाण्यातल्या प्रथिनाला या मुलाचं शरीर शत्रू समजतं. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत त्रास सुरू होतो. नुसत्या गांधी उठल्या तर एक गोष्ट. पण त्याबरोबर उलटी, खोकला, घरघर, गळून जाणं यांतलं काही आलं, तर ती अॅनाफायलॅक्सिस, आणि तिच्यावर पहिलं औषध अॅड्रेनालिन. किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. 1 मिलीच्या कुपीत 1 मिलिग्रॅम असतं, म्हणजे 15 किलोच्या लेकराला 0.15 मिली, स्नायूत. अॅलर्जीची साधी गोळी खाज कमी करते, बंद होत चाललेला श्वास ती उघडत नाही. परदेशातली मुलं हे औषध भरलेलं पेन दप्तरात ठेवतात. आपल्याकडे ते सहजी मिळत नाही. कुपी मात्र मिळते, आणि लसीकरणाच्या दिवशी गावात येणाऱ्या आरोग्यसेविकेच्या किटमध्ये ती असतेच, कारण लशीनंतर कधीकाळी अशीच प्रतिक्रिया येऊ शकते. हे ऐकून ताई थक्क झाल्या. दर महिन्याला ती पेटी त्यांच्याच अंगणवाडीच्या टेबलावर उघडली जात होती.

पुढच्या आठवड्यात गावात दुसरंच काही सुरू झालं. शेंगदाण्यानं लेकरू मरता मरता वाचलं, ही बातमी घरोघरी पोचली आणि बायांनी आपापल्या लेकरांचा शेंगदाणा बंद केला. एका आईनं आठ महिन्यांच्या बाळाला द्यायची कुटाची पेज थांबवली. ताईंना हे जास्त काळजीचं वाटलं. ज्या घरात दूध रोज येत नाही, डाळ पातळ होते, तिथं गूळ-शेंगदाणा हाच लेकराचा आधार असतो. त्या परत डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी त्यांना लंडनमधल्या एका अभ्यासाविषयी सांगितलं, 2015 साली प्रसिद्ध झालेला. अॅलर्जीचा धोका जास्त असलेली 640 बाळं त्यात होती, चार ते अकरा महिन्यांची. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना पाच वर्षांचं होईपर्यंत दिलेच नाहीत. ज्यांना दिले त्यांच्यात शेंगदाण्याची अॅलर्जी फार कमी निघाली, ऐंशी टक्क्यांहून अधिक घट. म्हणजे घाबरून सगळ्यांचाच शेंगदाणा तोडणं उलट घातक ठरू शकतं. ज्याला त्रास आहे त्याला अजिबात नाही, बाकीच्यांना जरूर द्यायचा, फक्त लहानग्यांना अख्खा दाणा द्यायचा नाही. कूट करून द्यायचा, कारण अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकतो, ती वेगळीच आफत. ताईंनी माता बैठकीत हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ती पेज परत सुरू झाली.

पांढऱ्या नंदीवाल्याच्या घरचा प्रश्न वेगळा होता. घाणीचं शेंगदाणा तेल बंद करायचं, हे त्याच्या आजोबांना पटेना. वर्ध्याच्या माणसाला घाणीचं तेल म्हणजे नुसतं तेल नसतं. 1934 साली मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. तिथं झवेरभाई पटेलांनी सुधारलेली घाणी ‘वर्धा घाणी’ म्हणून देशभर गेली. आजोबा म्हणायचे, यंत्रातलं तेल रोगट, घाणीचं शुद्ध. एरवी त्यांच्याशी कोण वाद घालेल? पण इथं गोष्ट उलटी होती. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाणीच्या तेलात ते राहतं. शेवटी घरात जवसाचं तेल आलं, तेही विदर्भाचंच, आणि आजोबांचा मान राहिला.

याच काळात ताईंच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. दुधाची अॅलर्जी असलेली एक दोन वर्षांची मुलगी शेजारच्या गावी होती, आणि तिला शेळीचं दूध द्या, बापू तेच पीत, असं जो तो सांगत होता. सेवाग्राम इथून तासाभराच्या आत, त्यामुळे हा सल्ला इकडे फार आपुलकीनं दिला जातो. पण गाईच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की एकाचा त्रास असणाऱ्या बहुतेक मुलांना दुसऱ्याचाही होतो. ताईंनी तिच्या आईला फोन करून शेळी परत करायला लावली.

खरा अवघड भाग होता तो उंबरठ्यावरचा.

2023 च्या तान्ह्या पोळ्याआधी पांढऱ्या नंदीवाल्याच्या आईनं ठरवलं होतं की यंदा त्याला पाठवायचंच नाही. तो रोज नंदीची चाकं पुसत होता. ताई म्हणाल्या, ‘पाठवा, मी आहे.’ मग आईनं त्याला शिकवलं, कोणी खायला दिलं की ‘नको’ म्हणायचं. ताईंनी त्याला एकदा अंगणवाडीतच सराव म्हणून विचारलं, तर त्यानं मान खाली घालून ‘नको’ म्हटलं आणि ताईंच्या पोटात गोळा आला. दारावर आलेल्यानं अन्न नाकारणं म्हणजे काय, हे गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला ठाऊक आहे. कोणाच्या घरचं चालतं, कोणाच्या घरचं चालत नाही, यावर माणसं पिढ्यान्‌पिढ्या मोजली गेली. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर 1928 साली जमनालाल बजाजांनी सर्वांसाठी उघडलं, देशात तेव्हा असं क्वचितच घडत होतं, त्याचं कौतुक शाळेच्या पुस्तकांत आहे. पण मंदिराचं दार उघडल्यावरही लाडवाचं ताट कितीतरी दारांवर अडलेलंच राहिलं. अशा गावात चार वर्षांच्या पोरानं ज्या दारावर ‘नको’ म्हटलं, त्या दारातल्या बाईनं काय समजायचं?

आणि तसंच झालं होतं. आदल्या वर्षीच्या प्रसंगानंतर, श्रावणातल्या एका कार्यक्रमात, शेवटच्या आळीतल्या एका आजीनं दिलेला लाडू त्या मुलाच्या आईनं परत केला होता. आजी काही बोलली नाही. पण नंतर ताईंपाशी म्हणाली, ‘आमच्या घरचं चालत नाही का जी त्यायले? सांगून देव म्हणा तसं.’

म्हणून ताईंनी ठरवलं की ‘नको’ हा शब्द लेकराच्या तोंडी येऊच द्यायचा नाही. तो आधी, मोठ्यांनी, मोठ्यांशी बोलून संपवायचा. पोळ्याच्या आधीचे आठ दिवस त्या रोज संध्याकाळी चार-पाच घरी जाऊन बसल्या. शेवटच्या आळीत सगळ्यांत आधी गेल्या. सांगायचं एकच होतं: बोजारा खाण्याचाच हवा असं कुठं आहे? मोठ्या पोळ्याला गड्यानं बैल दारी आणला की गड्याला धान्य मिळायचं, पैसा मिळायचा, कधी कापड. लेकराला पेन्सिल द्या, खडू द्या, भोवरा द्या, बांगड्या द्या, रिबीन द्या. ज्यांना गोडधोड करायचं त्यांनी जरूर करावं, पण खाणं न देणारी काही दारं असू द्या, म्हणजे या पोराला हक्कानं हात पुढे करता येईल.

बहिणीनं सांगितलेली एक गोष्ट त्यांना इथं उपयोगी पडली. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या एका आईनं सुरू केलेली रीत 2014 साली अन्न-अॅलर्जीवर काम करणाऱ्या ‘फेअर’ या संस्थेनं देशभर नेली. ज्या घरी खाऊशिवायची भेट मिळते त्या घरापुढे मोरपंखी रंगाचं कोहळं ठेवायचं. लांबूनच आईबापांना कळतं. ताईंनी कोहळं रंगवलं नाही. भाद्रपदात कोहळ्याची भाजी होते, अन्नाला रंग लावणं त्यांना रुचलं नाही. त्यांच्याकडे ब्लाउजपीसचं उरलेलं मोरपंखी कापड होतं. त्याच्या पट्ट्या फाडून तयार असलेल्या घरांना त्यांनी दाराच्या कडीला बांधायला दिल्या.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी एका घरातून निरोप आला. दाराला कोणीतरी काहीतरी बांधून गेलं आहे, काल अमावस्या होती, घरात सगळे घाबरले आहेत. सुनेनं पट्टी घेतली होती, सासऱ्यांना सांगायचं राहिलं होतं. ताई धावत गेल्या, पट्टी हातात घेऊन सासऱ्यांपुढे बसल्या, सगळं परत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि स्वतःच ती कडीला बांधली, आधीपेक्षा घट्ट.

त्या संध्याकाळी अकरा दारांवर पट्ट्या होत्या. पिशवीचा नियमही त्याच वर्षी सुरू झाला, आणि तो एकट्यासाठी नाही, सगळ्यांसाठी. मिळालेला बोजारा कापडी पिशवीत, पिशवीचं तोंड बांधलेलं, घरी गेल्याशिवाय कोणी काही तोंडात टाकायचं नाही. शेवटी अंगणवाडीच्या ओट्यावर सगळ्यांचे हात साबणानं धुवायचे. सॅनिटायझर जंतू मारतो, पण शेंगदाण्याचा चिकट अंश हातावरून काढत नाही. तो साबण-पाण्यानंच जातो. दोन पोरांनी वाटेत पिशव्या उघडल्याच. पण एक गोष्ट ताईंच्या ध्यानीमनी नव्हती. पोरं पट्टीच्या घरांकडे पळत सुटली. चिवडा तर रोजच मिळतो, भोवरा कुठं मिळतो? पुढच्या वर्षी पट्टी मागायला लोक स्वतःहून आले.

मग आली भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघरी जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी बंद डब्यातली खिरापत ओळखायची असते. ओळखली नाही तर डबा उघडत नाही. पांढऱ्या नंदीवाला बहिणीच्या मागे जायचाच. बंद डब्यातलं न पाहिलेलं खाणं, म्हणजे नेमकं जे त्याच्या वाट्याला येऊ नये तेच. इथं मुलींनीच वाट काढली. पदार्थाचं नाव ओळखून भागायचं नाही, त्यात काय काय पडलं ते सगळं सांगायचं, असा नवा डाव त्यांनी मांडला. ‘लाडू’ म्हटलं तर डबा बंदच. रवा, तूप, साखर, वेलदोडा, एवढं आलं तर उघडेल. घरच्या बायांनाही आठवून आठवून उत्तर द्यावं लागे, ‘हो जी, थोडं खोबरं टाकलं होतं.’ या खेळात तो सगळ्यांच्या पुढे निघाला. ज्या पोरानं वर्षभर प्रत्येक घासाला ‘यात काय आहे?’ विचारलं, त्याला चिवड्यात काय काय असतं हे कोणी सांगायला नको होतं.

विकतच्या पुड्यांचं काम जास्त किचकट आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार गव्हासारखी ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कवचाचे जलचर, शेंगदाणा आणि सुकामेवा, सोयाबीन यांची नोंद वेष्टनावर करावी लागते. तीळ त्या यादीत नाही, अमेरिकेत 2023 पासून तो यादीत आला. आपल्याकडे संक्रांतीला तिळाशिवाय पान हलत नाही, त्यामुळे ताईंना हे फार खटकतं. आणि जे छापलेलं असतं ते इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. सातवी शिकलेली आई ते कसं वाचणार? ताईंनी अंगणवाडीच्या भिंतीवर एक तक्ता लावला आहे: शेंगदाणा, दूध, अंडं, सोया, गहू यांसाठी वेष्टनावर येणारे इंग्रजी शब्द, त्यांचा आकार जसाच्या तसा रेखाटलेला, शेजारी चित्र. बाया पुडा तक्त्याजवळ धरून अक्षरांचा आकार जुळवून पाहतात. वाचता येत नसलं तरी जुळवता येतं.

अलीकडे शहरांतल्या काही खासगी बालवाड्यांमध्ये 31 ऑक्टोबरला हॅलोविनही होऊ लागला आहे. काळे झगे, कागदी कोहळी, चॉकलेटांच्या बादल्या. गावातून वर्ध्याला राहायला गेलेल्या एका आईनं ताईंना फोन करून विचारलं, हे आपल्या लेकराला करू द्यावं का? ताई म्हणाल्या, ‘करू दे ना. फक्त शाळेला आठ दिवस आधी विचार, बादलीत काय आहे ते.’

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला पांढऱ्या नंदीवाला सहा वर्षांचा झाला होता. नंदीला नवा रंग, शिंगांना बेगड. दवाखान्याचा, 108 रुग्णवाहिकेचा आणि मोटारसायकल असलेल्या दोघांचा नंबर मदतनीस ताईंच्या फोनमध्ये होता. शेवटच्या आळीत ती आजी दारात उभी होती, कडीला मोरपंखी पट्टी, पण हातात पेन्सिल नव्हती. तिनं मुरमुऱ्याचा लाडू पुढे केला.

पोरानं लाडू घेतला नाही, वर पाहिलं. ‘काय काय आहे आजी यात?’

‘मुरमुरे अन्‌ गूळ, बस.’

‘कूट?’

‘नाही टाकला रे.’

‘कढई कोणती होती?’

आजी आत गेली आणि कढई घेऊनच बाहेर आली. नवी होती, कानाला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. त्यानं कढईकडे पाहिलं, मग आईकडे. आईनं मान हलवली. लाडू पिशवीत गेला, पिशवीचं तोंड बांधलं गेलं, दोरी ताणली आणि चाकं खडखडत पुढच्या दाराकडे निघाली.

मागच्या पोरानं नंदी पुढे सरकवला. ‘आजी, मले शेंगदाण्याचा पाहिजे.’

‘देतो ना जी,’ आजी म्हणाली, आणि दुसऱ्या डब्याचं झाकण उघडायला आत वळली.